पाण्यात राहून किडे खाणाऱ्या वनस्पती : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात निसर्गाच्या पानावर ब्लॅडरवर्टचा एक फोटो छापला होता आणि खाली एवढंच लिहिलं होतं की ही पाण्यातली वनस्पती किडे पकडून खाते. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे छोटे केलेत.

प्रश्न : फोटोत तर नुसती हिरव्या दोऱ्यांची गुंतवळ दिसतेय, तोंड नाही, चिकट पान नाही, काहीच नाही. मग ही किडे पकडते कशाने? पाण्यात किडा सरळ पोहून निघून जाईल ना?

उत्तर : फोटो परत एकदा नीट बघा, त्या दोऱ्यांना जागोजागी बारीक दाणे लागलेले दिसतील. ती फळंही नाहीत आणि बियाही नाहीत, ते ट्रॅप आहेत. प्रत्येक दाणा म्हणजे आतून पोकळ अशी पाण्याने भरलेली पिशवी, बहुतेक जातींमध्ये एक ते पाच मिलीमीटरची, काहींमध्ये त्याहूनही बारीक, आणि एका लांब फांदीवर अशा शेकडो पिशव्या असू शकतात. ब्लॅडरवर्टचं शास्त्रीय नाव युट्रिक्युलॅरिया. हिच्या दोनशेच्या वर जाती आहेत, त्यातल्या बऱ्याचशा ओल्या मातीत वाढतात पण पन्नासेक जाती पाण्यातच राहतात, आणि आपण आज बोलतोय ते मुख्यतः या पाण्यातल्यांबद्दल. यांना मुळं नसतात, अगदी रोप बीमधून बाहेर येतं तेव्हाही नसतात, आणि खोड कुठे संपलं आणि पान कुठे सुरू झालं हे सांगताना वनस्पतीशास्त्रवालेही अडखळतात.

आता एक पिशवी जवळून बघू. एका बाजूला तोंड, तोंडावर एक पातळ पडद्यासारखं दार, पेशींच्या फक्त दोन थरांचं, जे आतल्या बाजूलाच उघडतं. दाराच्या बाहेरच्या अंगाला, खालच्या कडेजवळ, काही ताठ केस असतात, युरोपातल्या नेहमीच्या जातीत चार. आणि तोंडाच्या वरच्या कडेला फाटे फुटलेल्या लांब मिशा असतात. पाण्यातले बारीक जीव, म्हणजे डॅफ्निया, कोपेपॉड, रोटिफर वगैरे, पृष्ठभागांवरचं शेवाळ खरवडत फिरत असतात, ते या मिशांच्या आधाराने चरत चरत पुढे येतात आणि मिशांची ठेवण अशी असते की वाट दाराशीच जाऊन संपते. तिथे त्या जीवाचा पाय किंवा अँटेना एखाद्या केसाला लागला की संपलं. दार आत कोसळतं, पाणी आत घुसतं, पाण्याबरोबर तो जीवही आत जातो आणि दार परत जागेवर येऊन बसतं.

हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत, खरं तर त्याच्याही कितीतरी आत. २०११ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी हाय स्पीड कॅमेऱ्याने याचं चित्रण केलं तेव्हा कळलं की दार उघडायला अर्धा मिलीसेकंद लागतो, म्हणजे सेकंदाचे दोन हजार तुकडे केले तर त्यातला एक, आणि पाणी आत ओढलं जायला साधारण एक मिलीसेकंद. पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरपर्यंत जातो आणि आत जाणाऱ्या जीवाला जो धक्का बसतो तो गुरुत्वाकर्षणाच्या सहाशे पटीपर्यंत. डॅफ्निया उडी मारून पळू शकतो, चपळ असतो, पण उडीची तयारी करायलाच त्याला जेवढा वेळ लागतो त्यात तो आत गेलेला असतो. साध्या डोळ्यांनी बघितलं तर एवढंच दिसतं की मघाशी बाहेर होता तो आता आत आहे.

प्रश्न : पण एवढी ताकद येते कुठून? वनस्पतीला स्नायू नसतात असं शाळेत शिकलोय.

उत्तर : मला वाटतं या सगळ्या विषयातला हाच खरा प्रश्न आहे आणि तो बरेचदा राहून जातो, कारण सगळ्यांचं लक्ष त्या एका मिलीसेकंदाकडे असतं. ताकद किडा आल्यावर लावली जातच नाही. ती आधीच लावून ठेवलेली असते.

पिशवीच्या आतल्या भिंतीवर आणि तोंडाजवळ बारीक ग्रंथी असतात. त्या आतलं पाणी सतत बाहेर फेकत राहतात, रात्रंदिवस, आणि दार घट्ट बसलेलं असल्यामुळे गेलेल्या पाण्याच्या जागी नवं पाणी आत येऊ शकत नाही. मग काय होतं, पिशवीच्या भिंती आत खेचल्या जातात. औषधाच्या ड्रॉपरचा रबरी फुगा दाबून धरल्यावर तो जसा परत फुगायची वाट बघतो तशी ही पिशवी असते, फरक इतकाच की इथे बाहेरून दाबणारं बोट नाही, आतलं पाणी उपसून भिंती दबलेल्या आहेत. आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण ०.१५ बारने कमी होतो (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). ऐकायला आकडा छोटा वाटेल पण दोन-तीन मिलीमीटरच्या पिशवीसाठी तो भरपूर आहे.

आता दाराकडे या. दार बाहेरच्या बाजूला थोडं फुगीर असतं, आणि त्या फुगीर आकारामुळेच बाहेरच्या पाण्याचा एवढा दाब ते पेलू शकतं. त्याची खालची कडा एका उंबरठ्यावर टेकलेली असते आणि फट राहू नये म्हणून तिथे चिकट द्रव आणि एक नाजूक पडदा असतो. किडा केसाला लागला की केस तरफेसारखा हलतो आणि दाराच्या त्या जागी हलकासा खळगा पडतो. बस, तेवढंच लागतं. फुगीरपणा एका जागी मोडला की उरलेलं दार स्वतःला सावरू शकत नाही, अख्खा आकार उलटा होतो, बाहेर फुगलेलं ते आत फुगतं आणि सपकन आत झुकतं. इंजिनिअर लोक याला बकलिंग म्हणतात, पातळ पत्रा किंवा कवच एका मर्यादेपर्यंत भार सोसतं आणि मग एकदम दगा देतं तो प्रकार. बांधकामात जे टाळायला माणसं जिवाचं रान करतात तेच या वनस्पतीने कामाला लावलंय. दार उघडल्याबरोबर दबलेल्या भिंती बाहेर उसळतात, पाणी आत येतं, दाबातला फरक संपतो आणि फरक संपला की दाराला परत आपला मूळ फुगीर आकार घ्यायला काही अडचण राहत नाही.

त्यानंतर ग्रंथी पुन्हा कामाला लागतात. पिशवी परत तयार व्हायला पंधरा मिनिटं ते अर्धा तास लागतो. म्हणजे हिशोब बघा, अर्धा तास संथपणे साठवलेली ऊर्जा एका मिलीसेकंदात खर्च. कुठलाही स्नायू नाही, पण वेळ भरपूर आहे, आणि साठवायची सोय आहे. या उपशाला ऊर्जा लागते आणि ती श्वसनातूनच येते, त्यामुळे या पिशव्यांचं श्वसन त्याच रोपाच्या पानांपेक्षा कितीतरी जोरात चालतं. श्वसन थांबवणारी रसायनं पाण्यात घातली तर पाणी उपसणं बंद पडतं हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

प्रश्न : केसाला पाण्याची लाट लागली किंवा कचरा लागला तर? मग ट्रॅप फुकट जात असेल.

उत्तर : जातो. ट्रॅपला किडा आणि कचरा यातला फरक कळत नाही. इतकंच काय, कोणीच हात लावला नाही तरी ट्रॅप आपोआप सुटतो, काही तासांतून एकदा, कारण पाणी उपसणं चालूच असतं आणि दाब एका मर्यादेखाली गेला की दार स्वतःहूनच कोलमडतं. म्हणून जुन्या पिशव्या उघडून बघितल्या तर आत शेवाळ, परागकण, गाळ असं बरंच काही सापडतं, काही जातींमध्ये तर प्राण्यांपेक्षा शेवाळच जास्त. हे सगळं वायाच जातं असंही नाही, त्यातूनही रोपाला काही पोषण मिळत असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं आणि मलाही ते पटतं, कारण एवढं महाग यंत्र जर निम्म्या वेळा फुकट चालत असतं तर ते टिकलंच नसतं.

प्रश्न : मी दहावीत आहे. लाजाळूमध्ये आणि व्हीनस फ्लायट्रॅपमध्ये विजेचा सिग्नल जातो असं वाचलंय. ब्लॅडरवर्टमध्येही जातो का?

उत्तर : छान वाचलं आहेस. व्हीनस फ्लायट्रॅपमध्ये पानावरच्या केसाला वीस-तीस सेकंदांच्या आत दोनदा स्पर्श झाला की विजेचे सिग्नल जातात आणि पान मिटतं. ब्लॅडरवर्टमध्ये मात्र आतापर्यंतचा पुरावा वेगळीच गोष्ट सांगतो. तिथे केस ही निव्वळ तरफ आहे, दाराला एक धक्का द्यायचा एवढंच तिचं काम, आणि पुढचं सगळं दाबाचं गणित आहे. वर सांगितलेला, कोणीही न शिवता आपोआप सुटणारा ट्रॅप हाही याचाच पुरावा समज, कारण तिथे स्पर्शच नाही तर सिग्नल कसला.

पण पाण्यात विजेच्या सिग्नलवर चालणारा ट्रॅपसुद्धा आहे, त्याचं नाव अल्ड्रोव्हँडा. ही व्हीनस फ्लायट्रॅपची सगळ्यात जवळची नातेवाईक, हे नातं डीएनएच्या अभ्यासातून पक्कं झालंय. एक जमिनीवर, दुसरी पाण्यात. तीही बिनमुळांची, पाण्याच्या वरच्या थरात आडवी तरंगते, मधल्या दांड्यावर ठरावीक अंतराने पाच ते नऊ पानांची चक्रं, आणि प्रत्येक पानाच्या टोकाला दोन पाळ्यांचा पारदर्शक शिंपला, जेमतेम तीन ते सहा मिलीमीटरचा. पाळ्यांच्या आत बारीक संवेदनशील केस, दोन्ही मिळून चाळीसच्या आसपास. केस हलला की सिग्नल जातो आणि शिंपला २० ते १०० मिलीसेकंदांत मिटतो. ब्लॅडरवर्टसमोर हा वेग काहीच नाही, पण जमिनीवरच्या बहिणीपेक्षा बहुतेक वेळा जास्तच आहे, आणि तेही पाण्यात, जिथे प्रत्येक हालचालीला पाणी अडवतं.

मिटायची पद्धतही दोघींची एक नाही. व्हीनस फ्लायट्रॅपची पाळी बाहेर वळलेली असते ती पटकन आत वळते. अल्ड्रोव्हँडाच्या पाळ्या अशी उलटापालट करत नाहीत, तिथे मधली शीर किंचित वाकते आणि शिरेच्या त्या छोट्याशा वाकण्याने पाळ्यांची मोठी हालचाल होते. एकाच पूर्वजापासून आलेला ट्रॅप पाण्यात गेल्यावर लहान, पातळ झाला आणि त्याची यंत्रणाही बदलली, हे मला या दोघींमधलं सगळ्यात सुंदर वाटतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. अल्ड्रोव्हँडाची ही एकच जात जगात उरलीय. युरोप, आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशी चार खंडांत ती पसरलेली होती, तिची पहिली नोंद सतराव्या शतकाच्या शेवटी भारतातून गेलेल्या नमुन्यावरून झालीय. आज बहुतेक ठिकाणी ती संपलीय किंवा संपत आलीय, आणि कारण शिकार मिळत नाही हे नाही. दलदली बुजवल्या गेल्या, आणि शेतातलं खत आणि सांडपाणी पाण्यात उतरलं की शेवाळ आणि दांडगी पाणवनस्पती माजते, त्यात ही नाजूक वनस्पती गुदमरते.

प्रश्न : ही हिरवी आहे म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न बनवतेच. मग किडे खायची गरज काय?

उत्तर : अन्न बनवते हे अगदी बरोबर. साखर, म्हणजे ऊर्जा, ती प्रकाशातूनच मिळवते. किड्यांमधून हवा असतो तो नायट्रोजन आणि फॉस्फरस. ज्या पाण्यात या वनस्पती राहतात ते स्वच्छ, मऊ, बरेचदा थोडं आम्लधर्मी असतं आणि त्यात हे क्षार जवळजवळ नसतात, त्यात मुळं नाहीत म्हणजे तळाच्या चिखलातून घ्यायचीही सोय नाही. मग पाण्यात फिरणाऱ्या बारीक जिवांच्या शरीरात जो नायट्रोजन आहे तोच घ्यायचा.

म्हणून माझं सांगणं असं की हिला भुकेलेला प्राणी समजू नका, ही खताची सोय स्वतः करणारी वनस्पती आहे. पाण्यात क्षार वाढले तर अनेक जाती पिशव्या बनवणंच कमी करतात, कारण एक पिशवी बनवायची आणि चालवायची किंमत मोठी आहे. काही रोपांमध्ये वजनाचा निम्म्याच्या जवळपास भाग पिशव्यांचा असतो, तेवढाच भाग पानांचा असता तर त्याने प्रकाश घेतला असता. शिवाय काटकसर एवढी की रोप पुढच्या टोकाला वाढत असतं आणि मागचं टोक त्याच सुमारास मरत असतं, आणि मरायच्या आधी मागच्या भागातला बराचसा नायट्रोजन, फॉस्फरस काढून पुढे पाठवला जातो. अल्ड्रोव्हँडा तर चांगला उबारा मिळाला की दिवसाला एखादं नवं चक्र काढते आणि मागचं तसंच झडत जातं.

प्रश्न : पकडलेला किडा आत कसा मरतो? दात नाहीत, ॲसिड आहे का?

उत्तर : आत गेल्यावर बहुतेक जीव गुदमरतात. पिशवीच्या आतल्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, कारण भिंतीच्या पेशी जोरात श्वसन करून तो संपवत असतात. आतला द्रव थोडा आम्लधर्मी असतो पण आपल्या पोटातल्या ॲसिडसारखा जहाल नव्हे. भिंतीच्या आतल्या बाजूला चार-चार बोटांच्या आकाराच्या ग्रंथी दाटीने असतात, त्या पाचक रसायनं सोडतात आणि विरघळलेलं शोषूनही घेतात. लहान जीव काही तासांत, मोठा काही दिवसांत विरघळतो, कवच मात्र आत पडून राहतं. मायक्रोस्कोपखाली जुनी पिशवी बघितली तर कवचांचा ढीग दिसतो, एकात एक अडकलेले पाय, रिकामी डोकी.

आणि हे काम पिशवी एकटी करत नाही. आत बॅक्टेरिया, एकपेशीय जीव, काही शेवाळं अशी एक वस्तीच असते. त्यातले काही बिनऑक्सिजनचं आरामात जगतात, किड्याचं शरीर कुजवतात आणि त्यातून सुटलेलं पोषण रोप घेतं. बदल्यात रोप आत थोडी साखरही सोडतं, म्हणजे ही वस्ती पोसली जाते. शिकार आणि सहवास एकाच पिशवीत चाललेला असतो, त्यामुळे किती पचन रोपाने केलं आणि किती बॅक्टेरियांनी हे वेगळं काढणं अवघड जातं.

प्रश्न : पोहताना बोटाला चावेल का? माझ्या टाकीतले मासे खाईल का?

उत्तर : बोटाला काहीही होणार नाही, पिशवीचं तोंड मिलीमीटरपेक्षाही लहान असतं. मोठ्या माशांनाही काही नाही. पण नुकती अंड्यातून निघालेली माशांची पिल्लं आणि बारीक टॅडपोल मोठ्या जातींच्या पिशव्यांत शेपटीने किंवा डोक्याने अडकल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत, तेव्हा टाकीत पिल्लं काढायची असतील तर ब्लॅडरवर्ट तिथे नको.

अडकलेला जीव पूर्ण आत मावत नसेल तर काय होतं तेही बघण्यासारखं आहे. डासाची लांब अळी शेपटीकडून अडकली तर दार तिच्या अंगाभोवतीच बसतं, जवळजवळ पाणी झिरपणार नाही इतकं घट्ट, आणि आतलं पाणी उपसणं सुरू होतं. अळी वळवळते, केस परत हलतात, ट्रॅप परत सुटतो, अळी अजून थोडी आत. असं टप्प्याटप्प्याने.

प्रश्न : मग डास मारायला ही लावावी का?

उत्तर : प्रयोगशाळेत ब्लॅडरवर्ट असलेल्या भांड्यात डासांच्या अळ्या सोडल्या तर त्यातल्या बहुतेक सगळ्या काही दिवसांत संपल्या असं आढळलंय, त्यामुळे कल्पना वेडगळ नाही. पण डासांच्या अळ्या वाढतात ते पाणी बरेचदा घाण, क्षारांनी भरलेलं असतं, तिथे ही वनस्पती नीट जगत नाही, आणि जगली तरी पिशव्या कमी काढते. म्हणून साचलेलं पाणी ओतून टाकणं हा उपाय आहे तो आहेच. हौस म्हणून मोठ्या भांड्यात लावायची तर पावसाचं किंवा क्षार काढलेलं पाणी घ्या, खत अजिबात घालू नका, चांगला उजेड द्या पण पाणी तापू देऊ नका, आणि दोऱ्यासारखं शेवाळ दिसलं की लगेच काढा, कारण या रोपाचा खरा शत्रू तोच आहे. वाढून जास्त झाली तर तळ्यात, ओढ्यात टाकू नका. एका तुकड्यापासून अख्खं रोप होतं, आणि अमेरिकेत ब्लॅडरवर्टची एक जात आपल्या मूळ भागाबाहेरच्या तळ्यांमध्ये अशीच पसरून तिथल्या वनस्पतींना त्रास देतेय.

प्रश्न : हे सगळं पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं? डार्विनच्या का?

उत्तर : डार्विनने १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात ब्लॅडरवर्टही आहे आणि अल्ड्रोव्हँडाही. पिशव्या किडे पकडतात हे त्याने नीट मांडलं, पण किडा आत कसा जातो याबद्दल त्याचं मत असं होतं की किडा स्वतःच डोकं खुपसून दार ढकलून आत शिरतो. दाराला टोचून, खाजवून बघितलं तरी त्याला हालचाल दिसली नाही. त्याच्या हातात त्या काळची साधनं होती, आणि एक मिलीसेकंदाची घटना डोळ्याला दिसतच नाही. त्याच काळात अमेरिकेत मेरी ट्रीट नावाच्या अभ्यासक तासन्‌तास मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायच्या, जिवंत किडे आत जाताना बघायच्या, आणि किडा आत खेचला जातो हे त्यांनी टिपलं. डार्विनशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि त्याने त्यांच्या निरीक्षणांची दखलही घेतली. पिशवी ओढून घेते, किडा ढकलत नाही, हे सगळ्यांना पटायला विसावं शतक उजाडलं, आणि दाराचं गणित नीट सुटलं ते हाय स्पीड कॅमेरे आल्यावर.

प्रश्न : अजून कुठल्या पद्धती आहेत?

उत्तर : एक जेनलिसिया आहे, ब्लॅडरवर्टच्याच कुटुंबातली, आफ्रिका आणि अमेरिकेतल्या पाणथळ जागांतली. हिचा ट्रॅप हलतच नाही. हिची काही पानं हिरवी, आणि काही बिनरंगाची पानं खाली ओल्या वाळूत, चिखलात जातात, पोकळ नळीसारखी, पुढे दोन पिळदार फाटे. फाट्यांना चिरा असतात, एकपेशीय जीव आणि बारीक किडे त्यातून आत शिरतात, आत सगळीकडे केस असतात आणि सगळ्यांची टोकं आतल्या दिशेला, त्यामुळे पुढे जाता येतं, मागे येता येत नाही. शेवटी पचनाचा कप्पा. कसली घाई नाही, कसला दाब नाही.

प्रश्न : ब्लॅडरवर्टचे जीन्स फार थोडे आहेत असं ऐकलं, खरं का?

उत्तर : जीन्स थोडे नाहीत, जिनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए मिळून, छोटा आहे. २०१३ मध्ये युट्रिक्युलॅरिया गिबा या जातीचा जिनोम वाचला गेला, तो निघाला साधारण ८.२ कोटी अक्षरांचा, आपला माणसाचा ३०० कोटींच्या आसपास. पण त्या छोट्या जिनोममध्ये जीन्स २८ हजारांच्या पुढे, म्हणजे माणसापेक्षा जास्तच. मधली जी लांबच लांब, जीन नसलेली भरताड असते ती हिने जवळजवळ सगळी टाकून दिलीय. का टाकली याबद्दल मतं अनेक आहेत. फॉस्फरस महाग पडतो आणि डीएनएला फॉस्फरस लागतो म्हणून, असं एक आकर्षक उत्तर दिलं जातं, पण त्यावर अजून एकमत नाही.

प्रश्न : थंड देशांत पाणी गोठतं तिथे ही जगते कशी?

उत्तर : थंडी सुरू झाली की फांदीच्या टोकाला पानं आखडून, एकमेकांवर घट्ट बसून एक गोळा तयार होतो, त्यात पिष्ट साठवलेलं असतं. बाकी रोप कुजून जातं, गोळा तळाशी जातो, आणि पाणी गरम झालं की वर येऊन उलगडतो. अल्ड्रोव्हँडाही हेच करते. गोळ्याला ट्रॅप नसतात, त्या दिवसांत शिकार बंद.

प्रश्न : घरी मुलांना हे दाखवता येईल का? मायक्रोस्कोप नाही.

उत्तर : येईल, साधं दहा पट मोठं दाखवणारं भिंग पुरे. पांढऱ्या बशीत पाणी घ्या, त्यात ब्लॅडरवर्टची एक छोटी फांदी ठेवा आणि आधी पिशव्यांचे रंग बघा. पारदर्शक दिसतात त्या रिकाम्या किंवा नव्या, काळपट-जांभळट दिसतात त्यातल्या बऱ्याच जुन्या किंवा आत काहीतरी पचत असलेल्या. फांदी पाण्याबाहेर उचलली तर कान जवळ नेल्यावर बारीक तडतड ऐकू येऊ शकते, ते ट्रॅप सुटल्याचे आवाज, आणि त्या पिशव्यांनी पाण्याऐवजी हवा ओढलेली असते म्हणून परत पाण्यात ठेवल्यावर त्यांच्यात चकाकणारा बुडबुडा दिसतो. अशी हवा भरलेली पिशवी बराच वेळ कामाची राहत नाही, तेव्हा हा प्रयोग एकदाच करा, आणि वेगळी फांदी घेऊन करा.

खरी मजा बघायची तर पिशवी वरून, तोंडाच्या दिशेने बघा. बाजू आत गेलेल्या, चपट्या दिसल्या तर ती ताणून तयार आहे. गुबगुबीत दिसली तर नुकतीच सुटलीय, अजून पाणी उपसतेय. तयार पिशवी निवडून एका बारीक केसाने दाराच्या खालच्या कडेला हलकेच शिवा, आणि नजर तोंडावर न ठेवता पिशवीच्या बाजूंवर ठेवा, कारण दाराची हालचाल तुम्हाला दिसणार नाही पण चपटी पिशवी एकदम फुगलेली मात्र स्पष्ट दिसेल. मग घड्याळ लावून दर पाच मिनिटांनी मुलांना त्याच पिशवीचं चित्र काढायला सांगा, साधारण अर्ध्या तासात ती परत चपटी झालेली असेल.